ऊन पाणी

मानसिंग लढाईवर गेला त्याच दिवशी अंजनानं ऊन पाणी सोडलं. कुणाला बोलून दाखवलं नाही. देव्हाऱ्यातल्या नाथाच्या टाकापुढं हात जोडून एवढंच म्हणाली, "देवा, ते घरी येऊन आपल्या न्हाणीत ऊन पाण्यानं न्हाईस्तवर माझ्या अंगाला ऊन पाणी लागायचं न्हाई." मग पौषातली थंडी असो की अंगात कणकण असो, कोंबडं आरवायच्या आत ती उठायची, गार पाण्याचे तांबे अंगावर घ्यायची, ओलेत्यानंच तुळशीला पाणी घालायची आणि त्यानंतर चुलीला हात लावायची. रविवारी नाथाचा उपास. हे सगळं ती इतकं गपचूप करी, की घरात असलेल्या आत्तेसासूलाही ते नेम वर्षभरानं कळले.

घर कुंडलच्या खालच्या आळीला. लांबट, चिंचोळं. पुढं सोपा, मधे माजघर, मागं चूल, आणि चुलीच्या पलीकडं कोपऱ्यात न्हाणी. ती सासऱ्यांच्या आजीच्या काळातली. दाराच्या जागी जुन्या लुगड्याचा पडदा, भिंती धुरानं काळ्या, उजेड यायला एक हातभर झरोका. खाली पुरुषभर लांबीचा काळा दगड टाकलेला, तो पिढ्यान्‌पिढ्या टाचा घासून गुळगुळीत झाला होता. त्याच्यावरनं पाणी मोरीत जायचं आणि मोरीतनं परड्यातल्या केळीला. अंघोळ बसूनच करायची. उभं राहिलं की वाशाला डोकं लागायचं. गडीमाणसं न्हाणीकडं फिरकत नसत. त्यांचं सगळं विहिरीवर, मोटेच्या पाटाला. वर्षातनं एकदा, दिवाळीच्या पहिल्या अंघोळीला तेवढे गडी न्हाणीत बसत, आणि घरच्या बाया त्यांना उटणं लावून ऊन पाणी घालत.

लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला मानसिंग त्या दगडावर बसला तेव्हा त्याचे गुडघे हनुवटीला लागले होते. "ही न्हाणी हाय का कोंबड्याचं खुराडं?" म्हणत तो उठायला गेला आणि वाशाला डोकं आपटून घेतलं. डोकं चोळत तो हसला होता. लढाईच्या सगळ्या वर्षांत अंजनाजवळ त्याचं तेवढंच हसू होतं. पुढच्या दिवाळीच्या आत तो पलटणीबरोबर निघून गेला.

इटलीत त्याचा उजवा पाय मांडीपासून गेला.

लढाई थांबल्यावर पुण्याच्या लष्करी इस्पितळातून कळवणं आलं. सासरे लालासाहेब आणि अंजना भेटायला गेले. मानसिंग खाटेवर बसला होता. वाळला होता, पण दाढी घोटलेली, अंगावर धुतलेले कपडे. बापाशी तो पिकापाण्याचं बोलला. मग कुबड्या बगलेत घेऊन अंजनाला म्हणाला, "चल, तुला एक गंमत दावतो."

गंमत म्हणजे तिथली न्हाणी. भिंतीला लागून बसायला कट्टा, कट्ट्याच्या वर हाताला धरायला लोखंडी दांडी, खाली खरबरीत फरशी. "हिथं माझा मी न्हातो," तो म्हणाला. "दांडी धरायची, बसायचं, पाणी घ्यायचं. कुणाचा हात लागत न्हाई अंगाला."

"बरं हाय की," अंजना म्हणाली.

"हिथं बरं हाय. घरी काय करू? विहिरीवर खांद्यावर घालून न्हेणार मला? मढ्यागत?" त्याचा आवाज चढला नाही. "लाकडी पाय देणार हायत. पर न्हाताना तो काढायचाच असतोय. साहेब म्हणतोय, हिथं चौकीदाराची जागा हाय, पोट भरंल. मी दिवाळीला येऊन बघतो. जमलं तर र्‍हातो. दुसऱ्याच्या हातनं अंग धुऊन घेत मात्र जगायचं न्हाई मला, हे आत्ताच सांगून ठेवतो."

अंजनाच्या कनवटीला वातींचा दोरा होता. मानसिंग बोलता बोलता खिडकीकडं वळला तशी तिनं फरशीपासून कट्ट्यापर्यंत दोरा धरला आणि एक गाठ मारली. कट्ट्यापासून दांडीपर्यंत धरून दुसरी मारली.

घरी परतल्यावर तिनं तो दोरा सासऱ्यांपुढं ठेवला. तिनं सासऱ्यांपुढं होऊन काही मागितल्याची ही पहिलीच वेळ. लालासाहेबांनी दोरा उलटासुलटा करून पाहिला.

मनुआत्या, म्हणजे त्यांची विधवा बहीण, चुलीजवळनं म्हणाली, "न्हाणीत कट्टा? आता गडीमाणसं बायकांच्या न्हाणीत बसणार व्हय रोज? मग बायकांनी कुठं जायचं, मोटंवर?"

"मनू, गप," लालासाहेब म्हणाले. मग अंजनाला म्हणाले, "कर पोरी. पर घरात जे हाय त्यातच भागव. सिमिट कंट्रोलात, ते आपल्याला मिळणार न्हाई. आन हे एकदाच हुईल. मोडून परत कराय माझ्याजवळ काय न्हाई."

मग अंजनानं घर धुंडाळलं. गोठ्यामागं मोडक्या गाडीचा लोखंडी आख गंजत पडला होता, त्याची दांडी होणार होती. सांगलीच्या एका फरशीवाल्यानं गुळाच्या ढेपांच्या बदल्यात शहाबादीचे तुटके तुकडे दिले. ते घोटलेले नव्हते, म्हणूनच तिला हवे होते. तेलाचं एक पिंप फोडून त्याच्या पत्र्याचं दार करायचं ठरलं. पलूसचा रसूल गवंडी चुन्याचं काम करी. त्यानं चुनकळी विरवली, वाळू घातली, आणि चुना घट्ट धरावा म्हणून अंजनाच्या हातनं गूळ आणि हिरड्याचं पाणी मागून घेतलं.

"वैनी, आमी चुना खातोय का भाकरी, काय कळंना झालंय," गूळ ओतताना तो म्हणाला. "येवढा गूळ घरात मदिनाबीला दिला असता तर तिनं मला वर्षभर शिवी दिली नसती."

अंजना तोंडाला पदर लावून हसली. कितीतरी दिवसांनी हसली होती.

रसूलनं आधी वासा वर घेऊन छपराला उंची दिली, झरोका मोठा केला. मग भिंतीला लागून कट्टा बांधला. अंजनानं दोरा लावून पाहिला, गाठ बरोबर कडेला आली. आख भिंतीत बसवला तेव्हा ती सगळ्यांची पाठ वळलेली बघून त्याला लोंबकळली. हलला नाही. राहिली होती खालची जमीन. जुना दगड शिकेकाईनं निसरडा झालेला, कुबडी त्याच्यावर ठरली नसती. तो काढून तिथं फरशीचे तुकडे बसवायचे होते.

पहार घालून रसूलनं आणि भावकीतल्या नानासोनं दगड उचलला आणि भिंतीला टेकवून उभा केला. खालची बाजू चिखलानं माखली होती. रसूलनं तांब्याभर पाणी मारलं. चिखल ओघळला आणि रसूल मागं सरला. पायातल्या वहाणा काढून त्यानं बाजूला ठेवल्या.

"वैनी, लालासाबांस्नी बोलवा," तो म्हणाला.

दगडावर माणसं कोरलेली होती. खालच्या पट्टीत एक गडी तलवार हातात धरून आडवा पडला होता. मधल्या पट्टीत दोन बाया त्याला दंडाला धरून वर नेत होत्या. वरच्या पट्टीत तो पिंडीपुढं हात जोडून बसला होता, आणि सगळ्यात वर चंद्र आणि सूर्य. वीराचा दगड. कुण्या काळी लढाईत पडलेल्या कुणाचा तरी. कुणीतरी तो सपाट पाठ बघून उचलून आणला असेल आणि तोंड खाली करून न्हाणीत टाकला असेल.

मनुआत्यानं गालात मारून घेतलं. "चार पिढ्या ह्याच्या पाठीवर बसून मळ काढला गं आमी. बाळंतपणं काढली. आन वर म्हणतोय पोराचा पाय का गेला."

लालासाहेबांनी डोक्याचं पागोटं काढून हातात घेतलं.

अंजना दगडाकडं बघत उभी राहिली. रोज पहाटे ती ज्याच्यावर बसून 'त्यांना सुखरूप ठेव' म्हणत होती, तो खाली तोंड दाबून पडला होता. लढाईतलाच. तिच्या पायाखाली.

"दादा," रसूल हळू आवाजात लालासाहेबांना म्हणाला, "असलं दगड लय गावांत देवळाच्या भिताडाला उभं असत्यात. गाडीत घालून न्हेऊ, नाथाच्या देवळात उभा करू. चांगल्या जागंला जाईल. मी दोन दिवसांत हिथली फरशी बसवून मोकळी करतो."

लालासाहेबांची मान हलायला लागली होती. त्याच वेळी अंजना बोलली.

"मामा, देवाला इचारून न्यावा."

तिला वाटलं होतं, हे आपल्याच मनाच्या शांतीसाठी. नाथ नाही म्हणेल असं तिच्या मनातही आलं नाही. इतक्या वर्षांचे तिचे रविवार त्याच्याजवळ जमा होते.

दुसऱ्या दिवशी ओलेत्यानं ती सासऱ्यांबरोबर देवळात गेली. नाथाजी गुरवानं मूर्तीच्या दोन्ही खांद्यांना फुलाची एकेक ओली पाकळी चिकटवली. मोठ्यानं सांगितलं, "देवा, वीराला तुझ्या दारात आणायचा असंल तर उजवी दे. हाय तिथंच ठेवायचा असंल तर डावी दे." गाभाऱ्यात समईची वात तडतडत होती. अंजनानं डोळे मिटले नाहीत. ती उजव्या पाकळीकडं बघत होती. ती खालून वाळून सुटत आली होती, जरा कलंडलीही होती.

डावी पडली.

"मागनं वारं आलं जणू," लालासाहेब म्हणाले. "परत लाव."

"पाटील, एकदा दिलेला कौल परत मागत न्हाईत," गुरव म्हणाला. त्याचंही तोंड उतरलं होतं. मानसिंग त्याच्याबरोबर शाळेत होता.

वाटेनं येताना लालासाहेब एकदाच बोलले. "इचारलं नसतं तर चाललं असतं, पोरी. आता इचारलंय."

वीर तिथंच राहिला. आता तिथं मळाचं पाणी सोडता येणार नव्हतं. मोरी बुजवली. उभा करायचा तर बूड पाहिजे, म्हणून रसूलनं तो मानसिंगसाठी बांधलेल्या कट्ट्यावर उभा केला आणि राहिलेला चुना त्याच्या बुडाला भरला. फरशीचे तुकडे पुढं दर्शनाला येणाऱ्यांसाठी बसवले. दांडीला मनुआत्यानं घंटा बांधली. पत्र्याचं दार मात्र लावलं नाही, देवाला दार कशाला.

काम चाललं होतं तेव्हा अंजना रसूलजवळ गेली. "रसूलभाऊ, परड्यात कुठं न्हाई का व्हायचं? नुसता कट्टा. लहानसा."

"चुना सपला, वैनी," रसूल खाली बघत म्हणाला. "गूळ बी सपला तुमचा. आन परडं भावकीचं, तिथं एक दगड लावला तरी नानासोचा बा कुऱ्हाड घिऊन येतोय." त्यानं थापी पुसली. "मला न्हाई आवडलं हे. मी माझ्या हातानं बांधलंय म्हणून सांगतो."

लालासाहेबांना विचारलं तर म्हणाले, "फुडल्या साली गुराळ झालं की बघू."

आळीतल्या बाया यायला लागल्या. कुणी तेल घातलं, कुणी शेंदूर लावला. म्हसवडच्या बाजूची एक पाहुणी आली ती नारळ फोडून गेली. लालासाहेबांनी अंजनालाच सांगितलं, "तुझा नेम हाय, तू घाल रोज पाणी ह्याला." ती घालू लागली. मनापासून घालत होती. इतकी वर्षं त्याच्यावर बसून न्हाली, त्याची भरपाई कुठून करायची हे तिला कळत नव्हतं. आणि प्रत्येक वेळी तांब्या कलता करताना डोळ्यापुढं दोऱ्याच्या गाठी येत.

वसुबारसेला मानसिंग आला. स्टेशनवरनं गाडी जुंपून आणला. दारात मनुआत्यानं भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि रडली. लाकडी पाय उंबऱ्यावर वाजला तेव्हा आळीतली पोरं पायाकडं बघायला लागली.

"प्रवासाची धूळ हाय," तो सोप्यावर बसत म्हणाला. "अंघूळ करतो आधी." आणि अंजनाकडं बघितलं. तिनं पुण्याला दोरा धरला होता ते त्यानं पाहिलं होतं, हे तिला तेव्हा समजलं.

लालासाहेबच म्हणाले, "परड्यात केलीया सोय. चल."

परड्यात चार काठ्या रोवून गोणपाट बांधलं होतं. आत एक पाट. मानसिंगनं पाटाकडं बघितलं. इतका खालचा, की बसायला दोघांनी धरायला पाहिजे. "हं," एवढंच तो म्हणाला. बापानं एका बाजूनं आणि नानासोनं दुसऱ्या बाजूनं धरून त्याला खाली बसवला. पाय सोडवून बाजूला ठेवला. लालासाहेबांनी लेकाच्या पाठीवर ऊन पाणी ओतलं, आणि गोणपाटाच्या खालनं ते केळीकडं वाहत गेलं.

वीराच्या दर्शनाला परड्यातनंच वाट होती. नेमक्या तीन बाया ताटं घेऊन आल्या. गोणपाट कमरेएवढंच. त्या थबकल्या, पदर ओढून घेतले, आणि ताटं तशीच धरून भिंतीला लागून कडेनं गेल्या. त्यातली एक हळूच म्हणाली, "कवा आला?" दुसरी म्हणाली, "बघू नगंस गं." आत घंटा वाजली.

"कसली घंटा?" मानसिंगनं विचारलं. लालासाहेबांनी आणखी एक तांब्या ओतला.

अंग पुसून पाय बांधून झाल्यावर तो कुबडी टेकत घरात आला. दरवाजातनं कोपऱ्याकडं वळला आणि थांबला. कट्टा बघितला, दांडी बघितली, खालची खरबरीत फरशी कुबडीनं चाचपून बघितली. कुबडी घसरली नाही.

"बरोबर मापात हाय," तो म्हणाला.

अंजना चुलीपाशी उभी होती. मग तिनं सगळं सांगितलं. दगड कसा निघाला, कौल कसा मागितला, कसा पडला. कौल मागायचं कुणी सुचवलं तेही सांगितलं.

तो ऐकत होता. संपल्यावर कट्ट्याच्या कडेला, वीराच्या बाजूला जेवढी जागा होती तिथं टेकला. हात वर करून दांडी धरली. घंटा किणकिणली.

"अगं, ह्याला कुठल्या लढाईत मारला असंल?"

"काय ठावं."

"ह्याच्या बायकूनं बी नेम धरला असंल." तो वीराच्या शेंदूर लावलेल्या पायांकडं बघत म्हणाला. "ह्याचं बरं झालं. पुरता गेला. आता रोज अंघूळ, वर नारळ."

"असं बोलू नगा."

"न्हाई बोलत." त्यानं हात सोडला. "तुला बोल लावत न्हाई मी. तू केलंस, ते दिसतंय मला. ह्याच्यापरीस जास्त कोण करणार हाय?"

"फुडल्या साली मामा दुसरी बांधतो म्हणालेत."

"फुडल्या साली." तो कुबडी घेऊन उठला. तिनं हात पुढं केला, मग मागं घेतला. तो आपला आपण उठला होता, दांडीला धरून.

मनुआत्या पाण्याची घागर घेऊन आत आली. तिला आनंद झाला होता. "न्हाला का रं? चला, सुटली गं अंजने तू. आता पहिल्या अंघुळीला घे बाई दोन तांबे ऊन पाणी, हाडं गोठली असतील."

अंजनानं नाही म्हणून मान हलवली. "न्हाणीत न्हालं पायजे, असं बोलले होते मी, आत्या."

"देवाला येवढं काय कळतंय, पाट का न्हाणी," मनुआत्या म्हणाली. आणि मग वीराकडं बघून तिनं जीभ चावली.

सकाळी मानसिंग निघाला. दिवाळी तोंडावर असताना. भावकीत विचारलं तर रजा तेवढीच होती म्हणून सांगा, असं त्यानं बापाला बजावलं. लालासाहेब गाडीबरोबर स्टेशनपर्यंत गेले. अंजना वेशीपर्यंत गेली. गाडीत बसल्यावर त्यानं तिला विचारलं, "येतीस तिकडं?"

घरात दोन म्हातारी माणसं, आणि रोज पाणी घालायला वीर. कौलानं ठेवलेला. तिनंच मागितलेल्या कौलानं.

तो तिच्याकडं बघत होता, मग बैलांकडं बघू लागला. "बरं. र्‍हा," म्हणाला. आवाजात राग नव्हता. राग असता तर तिला काही धरायला मिळालं असतं.

पहिल्या अंघोळीच्या पहाटे अंजना नेहमीसारखी उठली. परड्यात गोणपाटाआड गार पाणी अंगावर घेतलं, तुळशीला पाणी घातलं. मग का कोण जाणे, चुलवणावर हंडा चढवला. उटणं तिनं आदल्या दिवशीच वाटून ठेवलं होतं. वाटताना हात थांबला नव्हता. लाकडं धडधडली, पाणी सणसणायला लागलं. सगळ्या आळीतनं उटण्याचा वास येत होता. कुठंतरी पोरं फटाके लावत होती.

लालासाहेब अंगावर घोंगडं घेऊन आले. हंड्यातनं वाफ येत होती. ते हंड्याकडं बघत उभे राहिले. त्यांनी स्वतःची अंघोळ मागितली नाही.

"आता येवढं तापलंयच तर," ते शेवटी म्हणाले, "देवाला घाल. थंडी पडलीया. आज त्याला बी ऊन पाण्यानं घाल."

अंजनानं तांब्या भरला. उटणं घेतलं. कट्ट्यापुढं उभी राहिली. खालच्या पट्टीतल्या आडव्या गड्याला तिनं बोटानं उटणं लावलं, खांद्याला, पाठीला, दोन्ही पायांना. मग वरून पाणी सोडलं. दगडातनं वाफ उठली, घंटेपर्यंत गेली. कढत पाणी ओघळत कट्ट्याच्या कडेवरनं तिच्या हाताकडं आलं.

तिनं हात मागं घेतला, आणि दुसरा तांब्या भरायला वळली.